किनेसिऑलॉजीच्या पदवीला ट्रान्सफर : कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजमधून आखणी कशी करावी

कॅलिफोर्नियातील ११६ सरकारी कम्युनिटी कॉलेजांपैकी एखाद्यात पहिली दोन वर्षे शिकायचे आणि मग कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे सीएसयूच्या, एखाद्या कॅम्पसवर तिसऱ्या वर्षाला दाखल व्हायचे, हा मार्ग बे एरियातील, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागातील, मराठी घरांना आता चांगला परिचयाचा झाला आहे. राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे, म्हणजे विषयाचे वजन मोजणाऱ्या एका श्रेयांकामागे, ४६ डॉलर शुल्क पडते, त्यामुळे पदवीच्या निम्म्या शिक्षणाचा खर्च बराच हलका होतो. कॉम्प्युटर सायन्स किंवा बिझनेससाठी हा मार्ग कसा आखावा हे सांगणारे ओळखीत कोणी ना कोणी निघतेच. किनेसिऑलॉजी, म्हणजे मानवी हालचाल, व्यायाम आणि आरोग्य यांचे शास्त्र शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना मात्र घरात आणि ओळखीत सहसा कोणी वाटाड्या नसतो. माझ्या भाचीची आखणी करताना आम्ही दोघींनी जे शिकून घेतले, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे : या पदवीचे वेळापत्रक इंग्रजी आणि गणितापासून पुढे आखत जाऊ नये, शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र, म्हणजे ॲनॅटमी आणि फिजिऑलॉजी, हे दोन विषय कधी पूर्ण होणार हे आधी ठरवून तेथून मागे यावे.

पदवी कशासाठी हवी आहे?

हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, कारण आपल्याकडे बहुतेक पालक किनेसिऑलॉजी आणि फिजिओथेरपी एकच समजतात. महाराष्ट्रात बारावीनंतर थेट बीपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला, प्रवेश मिळतो आणि ती पदवीच माणसाला फिजिओथेरपिस्ट बनवते. अमेरिकेत तसे नाही. तेथे फिजिकल थेरपिस्ट होण्यासाठी आधी कोणतीही बॅचलर पदवी आणि त्यावर साधारण तीन वर्षांची डीपीटी ही डॉक्टरेट लागते. किनेसिऑलॉजी ही त्या आधीच्या पदवीसाठी सोयीची निवड आहे, व्यवसायाचा परवाना नव्हे. खेळाडूंच्या दुखापती सांभाळणाऱ्या ॲथलेटिक ट्रेनरला आता मास्टर्स करावे लागते, आणि शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे असेल तर पदवीनंतर अध्यापनाचे क्रेडेन्शियल, म्हणजे शिकवण्याचा परवाना, घ्यावे लागते. स्ट्रेंग्थ कोच किंवा एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट या कामांसाठी बॅचलर पदवीनंतर मान्यताप्राप्त संस्थेची प्रमाणपत्र परीक्षा देता येते.

हे पहिल्याच सेमिस्टरला माहीत असावे लागते, कारण ट्रान्सफरसाठी लागणारे किमान विषय आणि पुढच्या ध्येयासाठी लागणारे विषय यांत मोठी तफावत असते. डीपीटीच्या बहुतेक अभ्यासक्रमांना लॅबसह वर्षभराचे रसायनशास्त्र, लॅबसह वर्षभराचे भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र हवे असते. किनेसिऑलॉजीला नुसता प्रवेश मिळवण्यासाठी यांतले सगळे लागत नाही. म्हणून «ट्रान्सफरला लागत नाही ना, मग नको» असे म्हणून रसायनशास्त्र सोडून दिलेल्या विद्यार्थ्याला ते पुढे विद्यापीठाच्या शुल्कात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या जड विषयांच्या जोडीने करावे लागते. ज्याला शाळेत शिकवायचे आहे त्याने मात्र हालचालींवर आधारलेल्या विषयांकडे अधिक लक्ष द्यावे, भौतिकशास्त्राचा आग्रह धरू नये.

करारपत्र कसे वाचावे

असिस्ट ही कॅलिफोर्नियाची अधिकृत संकेतस्थळ-सेवा आहे. कोणत्या कम्युनिटी कॉलेजचा कोणता विषय कोणत्या सरकारी विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जातो, हे तेथे विभागवार पाहता येते. आपले कॉलेज, आपल्या मनातला कॅम्पस आणि किनेसिऑलॉजी हा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, निवडला की एक करारपत्र उघडते. ते पडद्यावर वरवर न पाहता छापून घ्यावे आणि पेन्सिल घेऊन बसावे.

भाचीने पहिले करारपत्र छापून आणले तेव्हा आम्ही जेवणाच्या टेबलावर ते पसरले. डाव्या रकान्यात विद्यापीठाचा विषय, उजव्या रकान्यात त्याच्या जागी चालणारा कॉलेजचा विषय. एका ठिकाणी उजवीकडे तीन विषय एकाखाली एक होते आणि त्यांच्यामध्ये बारीक अक्षरांत «अँड» असे लिहिले होते. भाचीने ते तीन पर्याय समजून त्यांतला एकच आपल्या यादीत उतरवला होता. वस्तुतः तिन्ही पूर्ण केल्याशिवाय डावीकडचा विषय मिळणार नव्हता. आणखी एका ओळीत उजवीकडे «नो कोर्स आर्टिक्युलेटेड» असे होते. म्हणजे तो विषय आपल्या कॉलेजात मिळत नाही, किंवा मिळत असला तरी विद्यापीठाने त्याला समकक्ष मानलेले नाही. अशा ओळीचा अर्थ विषय माफ झाला असा होत नाही. तो विषय शेजारच्या दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजात घेता येतो का हे पाहावे, आणि तसे जमत नसेल तर ट्रान्सफरनंतर घ्यावा लागेल असे धरून चालावे. करारपत्रावर शैक्षणिक वर्ष छापलेले असते तेही तपासावे. दरवर्षी नवे करारपत्र निघाल्यावर जुन्याशी ओळ न ओळ ताडून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

निदान तीन कॅम्पसची करारपत्रे समोरासमोर ठेवावीत. सॅन होजे स्टेट, सॅन फ्रान्सिस्को स्टेट आणि हेवर्डचे कॅल स्टेट ईस्ट बे या तिन्ही ठिकाणी किनेसिऑलॉजीचा विभाग आहे, पण एकाला लागणारा प्रत्येक विषय दुसऱ्याला लागतोच असे नाही. तिन्ही याद्यांत सामाईक असलेले विषय आधी घ्यावेत, आणि एकाच ठिकाणी लागणारे विषय शेवटच्या सेमिस्टरकडे ढकलावेत.

असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर

२०१० साली झालेल्या कायद्याने कम्युनिटी कॉलेजांत एक खास पदवी आली, तिला असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर किंवा एडीटी म्हणतात. ६० सेमिस्टर युनिटांची ही पदवी पूर्ण केली, तर सीएसयूमध्ये तिसऱ्या वर्षात जागेची हमी मिळते, आणि त्या एडीटीशी जुळणारा म्हणून मान्य असलेला अभ्यासक्रम घेतल्यास उरलेले शिक्षण आणखी ६० युनिटांत संपते. किनेसिऑलॉजीच्या एडीटीमध्ये सर्वसाधारणपणे किनेसिऑलॉजीची ओळख, ॲनॅटमी, फिजिऑलॉजी, पोहणे, नृत्य, फिटनेस, सांघिक खेळ अशा गटांतील तीन वेगवेगळ्या गटांचे प्रत्यक्ष हालचालीचे वर्ग, आणि संख्याशास्त्र, जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, प्रथमोपचार यांच्या यादीतून दोन विषय असतात.

या हमीचा अर्थ नीट समजून घ्यावा. हमी सीएसयू या व्यवस्थेत जागा मिळण्याची आहे, मनातल्या कॅम्पसची नव्हे. सॅन डिएगो स्टेट, लाँग बीच आणि सॅन लुइस ओबिस्पोचे कॅल पॉली येथे जागांपेक्षा अर्ज फार जास्त येतात. अशा कॅम्पसला व्यवस्थेच्या भाषेत इम्पॅक्टेड म्हणतात. तेथे किमान अटी पूर्ण करणारा विद्यार्थीही नाकारला जातो आणि निवड ग्रेडच्या सरासरीवर, नेमून दिलेले विषय पूर्ण आहेत की नाही यावर आणि बऱ्याचदा विद्यार्थी त्या भागातील आहे का यावर ठरते. म्हणून मनातला एक, आवाक्यातला एक आणि खात्रीचा एक, असे निदान तीन कॅम्पस यादीत असावेत. शिवाय त्याच कॅम्पसच्या किनेसिऑलॉजीतील ज्या शाखेत, उदाहरणार्थ व्यायामविज्ञानात, आपल्याला जायचे आहे ती शाखा एडीटीशी जुळणारी म्हणून नोंदलेली आहे का, हे विचारून घ्यावे. सगळ्या शाखा तशा नसतात.

सामान्य शिक्षणाच्या, म्हणजे मेजर कोणताही असला तरी घ्याव्या लागणाऱ्या, विषयांसाठी २०२५ च्या फॉलपासून, म्हणजे शरद सेमिस्टरपासून, कॅल-जीईटीसी हा ३४ युनिटांचा एकच नमुना लागू आहे आणि त्यातील प्रत्येक विषयात किमान सी ग्रेड लागते. यात एक सोय दडलेली आहे. लॅबसह ॲनॅटमी घेतली की जीवशास्त्र आणि लॅब यांची अट बहुधा तेथेच पुरी होते, संख्याशास्त्राने गणिताची आणि मानसशास्त्राने सामाजिक शास्त्राची. एका विषयाने दोन घरे भरता येत असतील तर भरावीत, कारण वाचलेली युनिटे रसायनशास्त्राला देता येतात.

ॲनॅटमी आणि फिजिऑलॉजी

खरी गाठ येथेच बसते. हे विषय लॅबचे आहेत, लॅबमध्ये टेबले मोजकी असतात, आणि त्याच टेबलांसाठी नर्सिंग, रेडिओलॉजी, डेंटल हायजीन आणि किनेसिऑलॉजी या सगळ्या वाटांचे विद्यार्थी रांगेत उभे असतात. नोंदणीचा क्रम पूर्ण केलेल्या युनिटांवर अवलंबून असल्याने नवा विद्यार्थी या रांगेत शेवटी उभा राहतो. शिवाय पुष्कळ कॉलेजांत या वर्गांना आधी जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्राचा एखादा वर्ग झालेला लागतो.

भाची पहिल्या वसंत सेमिस्टरला वेटलिस्टवर सातवी होती. तरीही ती पहिल्या दिवशी वर्गाच्या वेळेआधी लॅबच्या दारात जाऊन उभी राहिली. भिंतीला लागून प्लॅस्टिकचे सांगाडे टांगलेले होते आणि टेबलांवर मणक्यांचे डबे मांडलेले होते. मागे दहाबारा जण आपापले दप्तर पोटाशी धरून उभे होते. प्राध्यापकांनी हजेरी घेतली, न आलेल्यांची नावे खोडली आणि वेटलिस्टच्या क्रमाने उभे असलेल्यांना जागा देत गेले. जे वेटलिस्टवर होते पण आले नव्हते, त्यांची पाळी निघून गेली, आणि सातव्या क्रमांकावरच्या मुलीला तिसरी जागा मिळाली. वेटलिस्ट लांब दिसली म्हणून पहिल्या तासाला न जाणे ही आखणीतली सर्वांत महाग चूक ठरते.

दुसरी गोष्ट साखळीची. काही कॉलेजे ॲनॅटमी आणि फिजिऑलॉजी हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवतात, तर काही दोन्ही मिसळून सलग वर्गांत शिकवतात. कुपर्टिनोचे डी अँझा कॉलेज क्वार्टर पद्धतीचे, म्हणजे सेमिस्टरपेक्षा लहान सत्रांचे, आहे. तेथे हा अभ्यासक्रम बायॉलॉजी ४०ए, ४०बी आणि ४०सी अशा तीन क्वार्टरच्या साखळीत येतो. अशा साखळीतले दोन वर्ग एका कॉलेजात करून तिसऱ्याच्या जागी सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात नुसती फिजिऑलॉजी घेतली, तर दोन्हींतले काहीच पुरे झालेले नाही असे विद्यापीठ म्हणू शकते. म्हणून साखळी जेथे सुरू केली तेथेच संपवावी, आणि संपवता येणार नसेल तर सुरूच करू नये. घर बदलण्याचा किंवा कॉलेज बदलण्याचा विचार असेल, तर तो साखळी सुरू करण्याच्या आधी किंवा ती संपल्यावर अमलात आणावा.

क्वार्टरच्या युनिटांचे सेमिस्टरमध्ये रूपांतर करताना दीडने भागावे. ९० क्वार्टर युनिटे म्हणजे ६० सेमिस्टर युनिटे, आणि ५ क्वार्टर युनिटांचा वर्ग म्हणजे जेमतेम ३.३३. कम्युनिटी कॉलेजमधून सीएसयू जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिटे पदवीत धरते. त्यापुढचे विषय शिकलेले वाया जात नाहीत, अट म्हणून ते मान्यही होतात, पण युनिटांच्या बेरजेत येत नाहीत.

दोन वर्षांचे वेळापत्रक, मागून पुढे

फॉलच्या प्रवेशासाठी कॅल स्टेट अप्लाय या सीएसयूच्या ऑनलाइन सेवेवरचा अर्ज आदल्या वर्षी १ ऑक्टोबरला उघडतो आणि मुदत साधारण नोव्हेंबर संपताना येते. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या मध्यातच अर्ज भरावा लागतो आणि त्या वेळी हातात पहिल्या वर्षाच्याच ग्रेड असतात. जी कॉलेजे ॲनॅटमी आणि फिजिऑलॉजी वेगवेगळी शिकवतात तेथे सामान्य सल्ला असा मिळतो की ॲनॅटमी दुसऱ्या वर्षाच्या फॉलला आणि फिजिऑलॉजी त्यानंतरच्या वसंतात घ्यावी. मला हे मान्य नाही. एखाद्या सेमिस्टरला जागा मिळाली नाही, किंवा आजारपणाने वर्ग सोडावा लागला, तर मागे एकही मोकळे सेमिस्टर उरत नाही आणि ट्रान्सफर पूर्ण वर्षाने पुढे जाते. ॲनॅटमी पहिल्या वर्षाच्या वसंतात आणि फिजिऑलॉजी दुसऱ्या वर्षाच्या फॉलला ठेवली, तर शेवटचा वसंत राखीव राहतो, आणि अर्ज पाहणाऱ्यांना निदान एक कठीण विषय ग्रेडसह पूर्ण झालेला दिसतो.

त्यावरून बाकीचे आपोआप ठरते. पहिल्या फॉलला ॲनॅटमीच्या आधी लागणारा जीवशास्त्राचा किंवा रसायनशास्त्राचा वर्ग, इंग्रजी लेखन आणि किनेसिऑलॉजीची ओळख. वसंतात ॲनॅटमी, तिच्यासोबत संख्याशास्त्र आणि एखादा हलका विषय. लॅबचे दोन जड वर्ग एकाच वेळी घेऊ नयेत. उन्हाळ्यात भाषणकला किंवा इतिहास उरकता येतो. शारीरिक हालचालीचे वर्ग दर सेमिस्टरला एक याप्रमाणे पेरावेत. २०१३ पासून हे वर्ग पुन्हा पुन्हा घेता येत नाहीत आणि एकाच प्रकारचे जास्तीत जास्त चार घेता येतात, म्हणून बॅडमिंटन आवडते म्हणून सगळी युनिटे बॅडमिंटनमध्येच घालू नयेत. वेळापत्रक तयार झाले की पहिल्याच सेमिस्टरला काउन्सेलरकडून लेखी एज्युकेशन प्लॅन मंजूर करून घ्यावा. त्याने नोंदणीत पुढचा क्रमांकही मिळतो. काउन्सेलरला भेटायला जाताना तीन करारपत्रे सोबत न्यावीत. त्यांच्याकडे सगळ्या मेजरचे विद्यार्थी येतात, आणि विद्यार्थ्याने नेमका प्रश्न विचारला तर उत्तरही नेमके मिळते.

ग्रेड आणि सरासरी

रहिवाशासाठी किमान सरासरी २.० आणि राज्याबाहेरील विद्यार्थ्यासाठी २.४ आहे, परंतु मागणी असलेल्या कॅम्पसला या आकड्यांवर विसंबता येत नाही. सरासरी उशिरा वर चढत नाही, हे एका हिशेबावरून दिसते. ४८ युनिटे सरासरी ३.० ने झाली असतील, तर १४४ गुणांक (युनिटे गुणिले ग्रेडचे गुण) जमलेले असतात. पुढच्या १२ युनिटांत सगळीकडे ए, म्हणजे युनिटमागे ४ गुण, मिळवला तरी ४८ ची भर पडून १९२ होतात, आणि ६० युनिटांवर सरासरी ३.२ एवढीच येते. म्हणून पहिल्या सेमिस्टरला कमी युनिटे घेऊन चांगल्या ग्रेड मिळवणे हे जास्त युनिटे घेऊन सी गोळा करण्यापेक्षा कधीही श्रेयस्कर आहे.

एखाद्या विषयात डी किंवा एफ मिळाला तर तो विषय पुन्हा घेता येतो, सी मिळाल्यास घेता येत नाही. एकाच विषयाला साधारण तीनच प्रयत्न मिळतात आणि डब्ल्यू, म्हणजे मध्येच सोडल्याची नोंद, घेऊन सोडलेला वर्गही त्यांत मोजला जातो. ॲनॅटमीच्या पहिल्या प्रात्यक्षिक परीक्षेत हाडांवर चिकटवलेले क्रमांक ओळखून नावे लिहायची असतात आणि स्पेलिंगही पाहिले जाते; ती परीक्षा बिघडली तर विनानोंद वर्ग सोडण्याची तारीख उलटली आहे का हे त्याच दिवशी तपासावे.

एफ-१ वर असलेल्यांसाठी, आणि भारतात आधी शिकलेल्यांसाठी

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याला दर सेमिस्टरला किमान १२ युनिटे घ्यावी लागतात आणि पूर्ण वेळेच्या हिशेबात एकच ऑनलाइन वर्ग धरला जातो. त्यामुळे वर्ग सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी घ्यावीच लागते. आधी सोडून मग कळवणे चालत नाही. विद्यापीठाचा प्रवेश मिळाल्यावर सेविस, म्हणजे सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदवहीतील, नोंद एका संस्थेकडून दुसरीकडे हलवावी लागते आणि नवीन आय-२०, म्हणजे संस्थेने द्यायचे व्हिसाचे पात्रतापत्र, घ्यावा लागतो. ती हलवण्याची तारीख ठरवताना उन्हाळ्यातील वर्ग आणि कॅम्पसवरील नोकरी यांचा विचार करावा, कारण त्या तारखेपासून अधिकार नव्या संस्थेकडे जातो.

मुंबई, पुणे किंवा नाशिक येथे बीएस्सी किंवा बीपीटीएचचे एखादे वर्ष करून जे येथे आले आहेत, त्यांनी ते शिक्षण अर्जात लपवू नये. जेथे जेथे नाव नोंदवले ती प्रत्येक संस्था अर्जात लिहावी लागते, आणि गाळल्याचे लक्षात आले तर प्रवेश रद्द होऊ शकतो. तेथील ॲनॅटमीला येथे मान्यता मिळवायची असेल तर गुणपत्रिकेसोबत त्या वर्षाचा छापील अभ्यासक्रम, तासांची संख्या आणि प्रात्यक्षिकांचा तपशील लागतो. भारतातून निघण्यापूर्वी कॉलेजच्या शिक्क्यासह या प्रती घेऊन ठेवाव्यात. नंतर नातेवाइकांमार्फत मागवताना महिने जातात.

अर्जानंतर

अर्ज भरला की काम संपत नाही. फॉलच्या ग्रेड आल्यावर कॅम्पस त्या भरायला सांगतात, काही ठिकाणी पूरक माहिती मागतात, आणि प्रत्येकाची मुदत वेगळी असते. अर्जाला लावलेला ईमेल घरातल्या सगळ्यांनी मिळून वापरायचा नसावा. तो विद्यार्थ्याने रोज पाहावा. एडीटी घेत असाल तर ती आपोआप मिळत नाही, पदवीसाठी कॉलेजात वेगळा अर्ज करावा लागतो आणि कॉलेजने त्याची पडताळणी विद्यापीठाला कळवावी लागते. वसंतात अर्जात लिहिलेला एखादा विषय बदलायचा असेल तर आधी विद्यापीठाला लेखी विचारावे.

प्रवेश स्वीकारल्यावर अंतिम ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, सगळ्या कॉलेजांतून मुदतीत पाठवावे. काही आठवड्यांनी विद्यापीठ कोणता विषय कशाच्या बदल्यात धरला याचा अहवाल देते. तो करारपत्राच्या छापील प्रतीशी ताडून पाहावा, आणि एखादा विषय नुसताच ऐच्छिक म्हणून धरलेला दिसला तर त्या वर्गाचा अभ्यासक्रम जोडून किनेसिऑलॉजी विभागाकडे फेरविचाराची विनंती करावी. त्यासाठी कम्युनिटी कॉलेजमधील प्रत्येक वर्गाचा सिलॅबस पहिल्या दिवशीच पीडीएफ करून एका फोल्डरमध्ये, वर्षाच्या नावाने, ठेवत जावा.